डोळ्यांवर खोकं, मोहाखाली मी

आधीच कबूल करून टाकते. वाघ माझ्या पाठीमागे दहा-बारा हातांवर उभा होता आणि मी खाली बसून मोहफुलं वेचत होते. वाघ खोटा होता, फुलं खोटी होती आणि ते जंगल सावली या तालुक्याच्या गावातल्या एका शाळेच्या सभागृहात, फरशीवर उगवलेलं होतं, हे सगळं मान्य. पण खाली बसले ती मी खरीच होते. आणि मला तसं बसलेलं आमच्या भागातल्या चाळीसेक बायांनी, चंद्रपूरहून आलेल्या एका साहेबांनी आणि वनखात्याच्या बाईंनी उघड्या डोळ्यांनी पाहिलं. माझे डोळे तेवढे एका पांढऱ्या खोक्यात बंद होते.

त्याला आता तीन वर्षं झाली. तेव्हा मी चौसष्ट वर्षांची पोर होते. अक्कल यायची होती.

झालं असं की माझ्या मुलीची मुलगी नागपुरात कॉम्प्युटरचं शिकली आणि चंद्रपूरच्या एका लहानशा कंपनीत लागली. ही कंपनी डोळ्यांवर चढवायच्या हेडसेटसाठी चित्रं बनवते. हेडसेट चढवला की समोरचं घर नाहीसं होतं आणि तुम्ही भलत्याच ठिकाणी उभ्या असता. मान फिरवाल तिकडचंही दिसतं. खाणीतल्या माणसांना आग लागल्यावर बाहेर कसं पडायचं, असलं काही ते आधी शिकवत. मग वनखात्याच्या मनात आलं, की मोह वेचायला जाणाऱ्या बायांना वाघ दिसला तर काय करायचं, हेही असंच दाखवावं. हे काम कंपनीतल्या सगळ्यात नव्या माणसाच्या गळ्यात पडलं, म्हणजे माझ्या नातीच्या. कोणता हेडसेट बायांना झेपेल ते तिनं ठरवायचं, जंगल तिनं बनवायचं आणि मोह गळू लागायच्या आत सावलीला बायांसमोर करून दाखवायचं. वनखात्यानं पसंत केलं तर तिला पुढे ठेवणार. नाही केलं तर सहा महिन्यांची मुदत संपली की घरी. आणि घरी, नागभीडला, आमच्या जावईबापूंनी बी.एड.चा फॉर्म आणूनच ठेवला होता. पोरीला काही केल्या मास्तरीण व्हायचं नव्हतं.

ती माझ्याकडे आली ती तीन खोकी आणि एक रडवेला चेहरा घेऊन.

माझ्याचकडे का, तर मी तीस वर्षं गावची अंगणवाडी चालवली. पोलिओचा डोस असो, लोहाच्या गोळ्या असोत, बाया आधी विचारायच्या, बाईनं घेतलं का? बाई म्हणजे मी. आजीला जमलं तर गावाला जमेल, असं नातीनं धरलं होतं. मलाही त्यात काही खोट दिसली नाही. मी म्हटलं, मी कशाला भिते?

हे वाक्य मी आयुष्यात दुसऱ्यांदा बोलले. पहिल्यांदा बोलले तेव्हा वीस वर्षांची होते, लग्नाला वर्षही झालं नव्हतं. आमच्याकडे मोहाची झाडं घराघरांत वाटलेली असतात. कागदावर कुठे काही नसतं, पण अमुक झाड अमक्या घरचं, हे अख्ख्या गावाला ठाऊक असतं. फुलं गळायच्या आधी आपल्या झाडाखालचा पाला झाडून जागा स्वच्छ करायची आणि उजाडता उजाडता तिथे पोचायचं. दुसऱ्याच्या झाडाखालचं फूल उचललं तर महिनाभर विहिरीवर ऐकून घ्यावं लागतं. सासूबाई त्या सकाळी सोबत येते म्हणाल्या. मी ऐटीत सांगितलं, मी कशाला भिते, माझं माहेर जंगलाला लागूनच आहे. आणि गेले एकटी. टोपली अर्धी भरली असेल, तोच झुडपात काहीतरी तांबूस हललं. टोपली तिथेच टाकून मी जी पळाले, ती पायातलं एक जोडवं वाटेत देऊनच घरी थांबले. थोड्या वेळानं सासूबाई आल्या. एका हातात माझी टोपली, दुसऱ्या हातात दावं, आणि दाव्याला शेजाऱ्याचं तांबडं गोऱ्हं. त्या रागावल्या नाहीत. गोऱ्हं अंगणात बांधलं आणि दिवसभर मला त्याच्यासमोर चारा टाकायला लावला, ओळख व्हावी म्हणून.

अशी ही निडर बाई नातीनं परीक्षेला निवडली.

पहिलं खोकं पुठ्ठ्याचं होतं. खरं सांगते, चपलांचा डबा कापून त्याला दोन भिंगं लावावीत तसं. आत मोबाइल सरकवायचा आणि रबराचा पट्टा डोक्यामागे घ्यायचा. स्वस्त होतं, गावोगाव वाटता आलं असतं, म्हणून नातीला ते चालावं असं फार वाटत होतं. तिनं मला समुद्राच्या तळाशी सोडलं. मी समुद्र कधी पाहिला नाही, पहिल्यांदाच गेले ती थेट तळाला. आजूबाजूला पिवळे, निळे, पट्ट्यापट्ट्यांचे मासे. नात विचारत होती, चक्कर येते का, डोळे दुखतात का. मी म्हटलं, ते जाऊ दे, यातले रश्शाला कोणते चालतात? आमच्या तलावातला मासा पाहिला की काटा किती हे मी दुरून सांगते, पण हे मासे नुसतेच नटलेले.

एवढ्यात समुद्रात घंटा वाजू लागली आणि सगळे मासे एकदम नाहीसे झाले. त्यांच्या जागी, माझ्या नाकापासून वीतभर अंतरावर, आमचे जावईबापू उभे राहिले. केवढे तरी मोठे, मिशीसकट. मी सवयीनं डोक्यावर पदर ओढायला गेले, तर हात पुठ्ठ्यावर आपटला. मोबाइल नातीचा होता आणि तिच्या वडिलांनी फॉर्म भरलास का हे विचारायला फोन केला होता. पुठ्ठ्याचं खोकं तिथेच बाद झालं. वाघाच्या वेळी कोणाचा जावई आला तर काय घ्या.

दुसरा हेडसेट काळा, जड आणि वायरवाला. वायर कॉम्प्युटरला आणि कॉम्प्युटर आमच्या घरच्या प्लगला. हा ज्यानं कोणी बनवला, त्याच्या घरात अंबाडा घालणारी बाई नसावी. पट्टा नेमका अंबाड्यावर यायचा. वर घेतला तर खोकं नाकावर घसरायचं, खाली घेतला तर कपाळावर चढायचं. चष्मा आत मावेना, आणि चष्म्याशिवाय मला सगळी दुनिया पेजेसारखी दिसते. शेवटी अंबाडा सोडून वेणी घातली, शाळेतल्या पोरीसारखी. त्यातलं जंगल फार सुंदर होतं, पण तिथलं एकही झाड मला ओळखीचं वाटेना. नात म्हणाली, हे बाहेरच्या देशातलं आहे, नुसतं बघण्यापुरतं. मी बघत होते. बघता बघता तिथे काळोख झाला. मी गुमान बसून राहिले. म्हटलं, जंगल आहे, रात्र व्हायचीच. आता काहीतरी निघेल म्हणून पाय वर घेऊन बसले. चांगली दहा मिनिटं गेली असतील. मग नातीनंच येऊन खोकं उचललं. गावची लाइट गेली होती आणि ती बिचारी डीपीवर फ्यूज गेला का ते विचारायला बाहेर गेली होती.

तिसरा पांढरा, हलका, बिनवायरचा. यात चष्मा मावला. यात आपले हातही दिसायचे, म्हणजे खरे नव्हेत, पण बोटं हलवली की समोरची बोटं हलायची. ती बोटं माझ्यापेक्षा तरुण होती, एकही सुरकुती नाही. मी बराच वेळ तीच बघत बसले, तेव्हा नात म्हणाली, आजी, जंगलाकडे पण बघ जरा.

शेजारीणही रोज बघायला यायची. माझ्याच वयाची आहे. मोहाचं तिचं झाड माझ्या झाडाच्या अगदी बाजूला, म्हणून चाळीस वर्षं आम्ही एकमेकींशी बोलत आणि एकमेकींवर नजर ठेवत वेचत आलो. तिनं माझ्यानंतर पांढरं खोकं लावलं आणि काढलं, तर तिच्या कपाळावर माझी टिकली. माझी आतल्या फोमला चिकटली होती ती तिला लागली. तिचा नवरा जाऊन अकरा वर्षं झालीत. नातीनं घाईघाईनं हात पुढे केला. शेजारणीनं तो बाजूला सारला, आरशात पाहिलं आणि म्हणाली, राहू दे संध्याकाळपावेतो. दुसऱ्या दिवशी आम्ही दोघींनी जुन्या सुती लुगड्याचे तुकडे कापून खोक्याला आतून लावायची अस्तरं शिवली. एका बाईला एक. पांढरा हेडसेट असा नक्की झाला.

मग नातीनं त्यात आमचं जंगल बसवलं. साग, तेंदू, धावडा, मधे एक मोठा मोह, आणि वाघ. वाघ डावीकडच्या झुडपातून यायचा. त्यात शिकवलेलं सोपं होतं. वाघ दिसला की वाकायचं नाही, पळायचं नाही, सगळ्यांनी जवळ यायचं, हात वर करून ओरडायचं आणि तोंड त्याच्याकडेच ठेवून मागे सरायचं. खाली वाकलेला माणूस त्याला जनावरासारखा दिसतो. मी घरी हे सात-आठ वेळा केलं आणि दर वेळी पास झाले. व्हायचीच. वाघ कुठून येतो ते मला पाठ होतं, मी आधीपासूनच डावीकडे तोंड करून दम देत उभी असायचे. गावात सांगत सुटले, वाघ मला पाहून मागे फिरतो. शेजारीण म्हणाली, त्यात नवल काय, माणसंही फिरतात.

इथपर्यंत ठीक होतं. पण मला गप्प बसवेना. दाखवायच्या आदल्या दिवशी मी नातीला म्हटलं, मोह उभा केलास, पण खाली एक फूल नाही. बाया हसतील तुला. मोहाच्या दिवसांत झाडाखालची जमीन दिसली तर ते झाड मेलेलं म्हणायचं. ती म्हणाली, वेळ नाही आजी. मी तोंड वाकडं केलं. मग ती जेवणसुद्धा ताटात ठेवून बसली आणि तिनं झाडाखाली फुलं पसरली. चांगली रसरशीत, ओली, पिवळट पांढरी. ती हातात यायची सोय मात्र करायला वेळ उरला नाही. आणखी काय बदललं ते तिनं मला सांगितलं नाही, आणि तेच बरोबर होतं. तिनं वाघाची बाजू बदलली होती.

दुसऱ्या दिवशी सभागृहात पहिला मान माझा. ठेवणीतलं लुगडं नेसले होते, अंबाड्याऐवजी वेणी. खोक्यातलं जंगल, माझ्या पुढचं आणि मागचंही, बाकीच्यांना भिंतीवर दिसेल, अशी सोय केलेली, आणि कोपऱ्यातून एका मोबाइलवर माझं शूटिंगही चालू होतं. नातीच्या कंपनीचे साहेब पुढच्या खुर्चीत, त्यांच्या शेजारी वनखात्याच्या बाई. नात कॉम्प्युटरपाशी उभी होती आणि ओठ चावत होती. मी तिला डोळ्यांनीच सांगितलं, काळजी करू नको. मग खोकं चढवलं, डावीकडे वळले आणि वाघाची वाट पाहत उभी राहिले.

वाघ काही येईना. आणि पायाशी फुलं.

आता काय सांगू. चव्वेचाळीस वर्षं मी हेच केलंय. फुलं दिसली की माझी कंबर मला विचारत नाही. एक उचलायला वाकले, ते बोटांतून निसटलं. दुसरं उचललं, तेही गेलं. वाटलं, दव जास्त पडलंय, म्हणून खालीच बसले आणि पदर पुढे पसरला. शेवटी एक फूल हाताला लागलं. ते पदरात टाकलं तेव्हा मला कोण आनंद झाला. तेवढ्यात मागून बायांचा गलका सुरू झाला, बाई उठा, बाई मागे बघा. मला वाटलं, या सगळ्या माझ्या झाडाखाली घुसताहेत. मी मागे न बघताच हात झाडला आणि मोठ्यानं म्हटलं,

"हे झाड आमच्या घरचं होय. आपापल्या झाडाखाली जा नं."

मग सगळं काळं झालं आणि मोठ्या अक्षरांत आलं, पुन्हा प्रयत्न करा. वाघानं खाल्ल्यावर.

खोकं काढलं. बाया एकमेकींच्या अंगावर पडून हसत होत्या. शेजारीण तर डोळे पुसत होती. माझ्या पदरात खडूचा एक तुकडा होता. मी सांगितलं, गुडघा दुखला म्हणून जरा बसले. त्यावर आणखी हसल्या. फक्त नात हसत नव्हती. साहेबांनी आपली वही मिटली आणि तिला हळूच म्हणाले, पण मला ऐकू आलं, की जिनं आठ दिवस हेच केलं तिलाच जमलं नाही, तर बाकीच्यांना काय जमणार. पोरीचा चेहरा असा झाला, की मला त्या खोक्यात परत जाऊन वाघालाच म्हणावंसं वाटलं, ये बाबा, एकदा नीट खा.

वनखात्याच्या बाईंनी मात्र पुढचीला बोलवा म्हटलं. पुढची माझी शेजारीण. वाघ कुठून आला हे तिनं भिंतीवर आत्ताच पाहिलं होतं, हसून हसून पोट धरलं होतं. ती ताठ मानेनं उभी राहिली, मोजून दोन मिनिटं. मग म्हणाली, एवढी फुलं कोणी टाकून देते का, आणि वाकली. तिसरी वाकली. चौथी उभी राहिली, पण तिची कंबर धरलेली होती. सात जणींत पाच जणींना वाघानं खाल्लं. सहावीपासून कोणी हसेना.

मग वनखात्याच्या बाई उठून आमच्यात येऊन बसल्या. त्यांनी विचारलं, खरोखर वेचताना तुम्ही मागे किती वेळा बघता? शेजारीण म्हणाली, फुलं दिसली का मान खालीच राह्यते बाई, खोटं काऊन सांगू. वाघ दिसल्यावर काय करायचं ते आम्हाला सगळ्यांना येत होतं. तो दिसतच नव्हता. बाई म्हणाल्या, मग दोघीदोघींनी जा, एकीनं वेचावं, एकीनं उभं राहून बघावं. सोपी गोष्ट. पण त्यावरून जे भांडण पेटलं ते पाऊण तास चाललं. उभं राहणारीच्या झाडाची फुलं तोवर कोण वेचणार? माझ्या झाडाखाली हिचा हात का लागावा? मी शेजारणीला म्हटलं, तू माझी फुलं तुझ्या टोपलीत टाकशील. ती म्हणाली, चाळीस वर्षं टाकतेच आहे, तुले आज समजलं. साहेबांना यातलं काही कळेना, ते घड्याळ बघत राहिले. नात मात्र खाली मांडी घालून सगळं लिहून घेत होती.

शेवटी ठरलं ते असं. दोघींनी आधी एकीच्या झाडाखाली जायचं, मग दुसरीच्या. आज माझं झाड आधी, उद्या तिचं. जिचं झाड तिनं वेचायचं, दुसरीनं पाठीला पाठ लावून उभं राहायचं. वनखात्याच्या बाईंनी नातीला दहा दिवस दिले आणि सांगितलं, हे जसंच्या तसं घाला, भांडणासकट. नोकरीचं मात्र कोणी काही बोललं नाही. परतीच्या ऑटोत पोरगी खोक्यांची पिशवी मांडीवर घेऊन बसली होती. मीच फुलं घालायला लावली, मीच खाली बसले, आणि जावईबापूंचा फॉर्म तिकडे वाट पाहतोय. मी दोनदा तोंड उघडलं आणि दोनदा मिटलं. माझ्या बाबतीत हे किती दुर्मिळ, ते गावात कोणालाही विचारा.

दहा दिवस ती चंद्रपूरला होती. फोन केला की म्हणायची, काम चालू आहे, आणि ठेवून द्यायची. होळीनंतर तिनं नवीन जंगल साहेबांना आणि वनखात्याच्या बाईंना दाखवलं, असं मुलीकडून कळलं. पुढचं मुलीलाही ठाऊक नव्हतं. मी तिसऱ्या दिवशी अंगणात मोहफुलं वाळत घालत होते, तेव्हा फाटकापाशी तिची स्कूटी थांबली. उतरली, हेल्मेट काढलं आणि सरळ माझ्यासमोर येऊन उभी राहिली. मी विचारलं, काय झालं सांग, बरं असो की वाईट. तेव्हा ती म्हणाली:

"आजी, एका वर्षासाठी ठेवलं मले. पण बाईंनी एक अट घातली, का पिक्चरच्या आधी दर गावात तू खाली बसली होती ते भिंतीवर दाखवायचं, झाडावरून भांडली तेवढं तर दोनदा. मी हो म्हणून आली, तुले इचारलं नाई."